विश्लेषण : गांजा औषध म्हणून चालतो का? कायद्याचे दार उघडे, तरी रुग्ण बाहेरच का?

गांजाच्या झाडाची पाने वाटली की भांग होते आणि उत्तरेतील काही राज्यांत ती सरकारमान्य दुकानात मिळते. त्याच झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा. तो खिशात सापडला तर तुरुंग. त्याची राळ म्हणजे चरस. तिची शिक्षा आणखी कडक. त्याच्या बियांची चटणी उत्तराखंडात घरोघरी वाटली जाते आणि २०२१ पासून देशाच्या अन्नसुरक्षा नियमांतही या बियांना अन्न म्हणून मान्यता आहे. याच झाडातील एका रसायनाचे औषध अमेरिकेत अपस्माराच्या लहान मुलांना दिले जाते. भारतात मात्र रुग्णाचे नातेवाईक मोबाइलवर ‘सीबीडी तेल’ शोधतात आणि समोर येणाऱ्या दहा बाटल्यांपैकी कोणती घ्यावी, घ्यावी की नाही, हे सांगणारे कोणी भेटत नाही. शास्त्र काय म्हणते, कायदा काय म्हणतो आणि या दोन्हींच्या मध्ये रुग्ण कुठे अडकला आहे?

झाड एक, मग परिणाम वेगवेगळे कसे?

गांजाच्या झाडात शंभराहून अधिक विशिष्ट रसायने आढळतात. त्यांतली दोन महत्त्वाची. पहिले टीएचसी, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. गांजा ओढल्यावर जी नशा चढते ती याची. दुसरे सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल. याने नशा येत नाही, मात्र मेंदूतील पेशींच्या कामावर त्याचा परिणाम होतो. इस्रायलचे रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सीबीडीची आणि १९६४ मध्ये टीएचसीची रचना उलगडली. पुढे लक्षात आले की, माणसाचे शरीर स्वतःही अशाच प्रकारची रसायने तयार करते. भूक, वेदना, झोप, मळमळ, स्मृती यांच्या नियमनात त्यांचा हात असतो. १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत सापडलेल्या अशा पहिल्या रसायनाला ‘आनंदामाइड’ असे नाव दिले गेले, ते संस्कृतमधील ‘आनंद’ या शब्दावरून.

हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय पुढची चर्चा होऊच शकत नाही. ‘गांजा औषधी आहे का’ हा प्रश्न ‘खसखशीचे झाड औषधी आहे का’ असे विचारण्यासारखा आहे. त्या झाडापासून मॉर्फिनही मिळते आणि हेरॉइनही. रुग्णाच्या दृष्टीने प्रश्न असा हवा : कोणते रसायन, किती मात्रेत, कोणत्या आजारावर आणि कोणत्या रुग्णाला?

कोणत्या आजारांत उपयोग सिद्ध झाला आहे?

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो मुलांमधील काही दुर्मीळ, औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारांत. ड्राव्हे सिंड्रोम हा त्यांतला एक. मूल वर्षाचे होण्याच्या आतच झटके सुरू होतात, दोन-तीन औषधे एकत्र देऊनही थांबत नाहीत आणि मुलाची वाढ खुंटते. अशा १२० मुलांवर आणि तरुणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या औषधांच्या जोडीला शुद्ध सीबीडी मिळालेल्या गटात महिन्याला येणाऱ्या मोठ्या झटक्यांचे मध्यक प्रमाण १२.४ वरून ५.९ वर आले. नुसते औषधासारखे दिसणारे द्रव्य मिळालेल्या गटात ते १४.९ वरून १४.१ इतकेच उतरले. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘एपिडिओलेक्स’ या नावाने हे औषध ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दोन विकारांसाठी मंजूर केले. २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारातील झटक्यांसाठीही त्याला परवानगी मिळाली आणि वयाची अट दोन वर्षांवरून एक वर्षावर आणली गेली.

दुसरा उपयोग केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर आणि उलट्यांवर. प्रयोगशाळेत तयार केलेले टीएचसी, म्हणजे ‘ड्रोनॅबिनॉल’, अमेरिकेत १९८५ पासून यासाठी मंजूर आहे. पण ते पहिल्या फळीतील औषध नाही. नेहमीची औषधे देऊनही उलट्या थांबत नसतील तेव्हा त्याचा विचार होतो. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत टीएचसी आणि सीबीडी यांची मिश्र कॅप्सूल नेहमीच्या औषधांना जोडून दिली, तेव्हा उलट्या पूर्ण आटोक्यात राहणाऱ्यांचे प्रमाण १४ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले. फायदा झाला, पण त्याची किंमतही होती. गुंगी, चक्कर यांसारखा मध्यम ते तीव्र त्रास औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांना झाला, न घेणाऱ्यांत ७ टक्क्यांना.

तिसरा उपयोग मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू ताठरतात त्यावर. त्यासाठी टीएचसी आणि सीबीडी समप्रमाणात असलेला, तोंडात मारायचा फवारा ब्रिटनमध्ये २०१० मध्ये मंजूर झाला. यादी येथे जवळपास संपते.

मग वेदना, निद्रानाश आणि कर्करोगाचे काय?

येथूनच दावे पुराव्याच्या पुढे धावू लागतात. जुनाट दुखण्यावर काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला आणि अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१७ च्या अहवालाने त्याची दखलही घेतली. पण २०२१ मध्ये वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने उपलब्ध पुरावा तपासून, वेदनेवर गांजाजन्य औषधांचा सरसकट वापर करण्यास पाठिंबा देता येत नाही, अशी भूमिका घेतली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही जुनाट दुखण्यासाठी ती देऊ नयेत असेच सांगतात. थोडक्यात, काही रुग्णांना बरे वाटत असेल, पण कोणाला वाटेल आणि किती, हे आज कोणालाही ठामपणे सांगता येत नाही.

‘गांजाच्या तेलाने कर्करोग बरा होतो’ हा व्हॉट्सॲपवर सतत फिरणारा दावा आहे. प्रयोगशाळेतील बशीत कर्करोगाच्या पेशी सीबीडीने मरतात, हे खरे. त्या बशीत इतर असंख्य पदार्थांनीही मरतात. माणसामध्ये कर्करोग बरा होतो असा पुरावा नाही. एवढेच काय, शेवटच्या टप्प्यातील कर्करुग्णांचा एकूण त्रास सीबीडी तेलाने कमी होतो का, हे ऑस्ट्रेलियात काटेकोर चाचणी करून पाहिले गेले, तेव्हा ते नुसत्या तेलापेक्षा सरस ठरले नाही. या दाव्याचा धोका पैशांपुरता नाही. तेलावर विसंबून शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी पुढे ढकलली गेली तर गेलेले महिने परत मिळत नाहीत.

नैसर्गिक आहे, मग धोका कसला?

सीबीडीने नशा येत नसली तरी ते निरुपद्रवी नाही. झोप, जुलाब, भूक मंदावणे हे नेहमीचे त्रास. त्याहून महत्त्वाचे म्हणजे यकृतातील विकरांचे प्रमाण वाढते, विशेषतः मूल सोडियम व्हॅल्प्रोएट घेत असेल तर. क्लोबाझॅम हे अपस्माराचे औषध सुरू असेल तर त्याच्या विघटनातून बनणारे क्रियाशील द्रव्य रक्तात वाढते आणि मूल गुंगीत राहते. भारतात ही दोन्ही औषधे सर्रास दिली जातात. त्यामुळे डॉक्टरांना न सांगता सुरू केलेल्या तेलाचा परिणाम हा ‘तेलाचा गुण’ आहे की क्लोबाझॅमची वाढलेली मात्रा, हे घरच्यांना कळणेही अशक्य. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणामही सीबीडीने वाढू शकतो.

टीएचसीचे धोके अधिक गंभीर. किशोरवयात, मेंदू घडत असताना, नियमित सेवन केल्यास मनोविकाराचा धोका वाढतो. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल तर तो आणखी. गर्भारपणात आणि स्तनपान करताना ते टाळावेच लागते. हृदयविकार असलेल्यांना ठोके वाढण्याचा त्रास होतो. वाहन चालवणे धोक्याचे ठरते. सवयही लागू शकते. यातील एकही गोष्ट ते औषध म्हणून वापरू नये असे सांगत नाही. मॉर्फिनचे धोके याहून मोठे आहेत. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरावे, एवढे यातून नक्की कळते.

भारताला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. आयुर्वेदाच्या मध्ययुगीन ग्रंथांत ‘विजया’ किंवा ‘भंगा’ या नावाने ही वनस्पती येते आणि जातिफलादी चूर्णासारख्या योगांत ती आजही असते. पाश्चात्त्य वैद्यकाला तिची नीट ओळख झाली तीही भारतातूनच. विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्यात आपला शोधनिबंध मांडला. आधी प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर त्याने गांजाचा अर्क वापरून पाहिला होता. धनुर्वात, जलभय आणि तान्ह्या बाळाची आकडी यांवरील त्याचे अनुभव त्यात आहेत. जलभयाच्या रुग्णाचा जीव वाचला नाही, पण यातना कमी झाल्या, अशी प्रांजळ नोंदही आहे. बाळाच्या आकडीवर त्याने जे पाहिले, ते चाचणीच्या कसोटीवर उतरायला पावणेदोनशे वर्षे लागली.

१८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज आयोगाने देशभर हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि सरसकट बंदी नको, नियंत्रण आणि कर हवा, असा निष्कर्ष काढला. बंदीची दिशा ठरली ती १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक करारानंतर. त्या करारात गांजा सर्वांत कडक यादीत गेला. पाने मात्र व्याख्येबाहेर राहिली. भांग वाचली ती त्यामुळे.

भारतीय कायदा नेमका काय म्हणतो?

अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे एनडीपीएस कायदा, गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा किंवा फळे आलेले शेंडे असे सांगतो. शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बिया त्यात येत नाहीत. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ मानला जातो आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. २० किलोपेक्षा अधिक सापडल्यास किमान १० आणि कमाल २० वर्षे. महाराष्ट्रात तर भांगही मोकळी नाही. राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली ती मादक द्रव्य ठरते आणि तिला परवाना लागतो.

पण याच एनडीपीएस कायद्याचे कलम आठ म्हणते की, ही बंदी ‘वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारणांसाठी’ नियमांनुसार होणाऱ्या वापराला लागू नाही. कलम दहा राज्य सरकारांना गांजाच्या लागवडीला परवानगी देण्याचा आणि तिचे नियमन करण्याचा अधिकार देते. कलम दोनमध्ये ‘औषधी गांजा’ अशी स्वतंत्र व्याख्याही आहे : गांजाचा कोणताही अर्क किंवा टिंक्चर. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हा उपयोग ठाऊक होता आणि त्यांनी त्यासाठी दार ठेवलेही होते. योगायोग असा की, ज्या १९८५ साली भारताने हा कायदा केला त्याच वर्षी अमेरिकेने टीएचसीचे पहिले औषध मंजूर केले.

आंतरराष्ट्रीय कराराचे कारणही आता पुढे करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनंतर डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत धोकादायक पदार्थांच्या चौथ्या अनुसूचीतून वगळले. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिले. पहिल्या अनुसूचीतील नियंत्रणे मात्र कायम आहेत.

मग ‘विजया’ नावाने ऑनलाइन विकले जाते ते काय?

दार उघडे आहे, पण त्यातून आत येण्याची वाट कोणी बांधलीच नाही, म्हणून तयार झालेली ही आडवाट. पाने एनडीपीएसच्या व्याख्येबाहेर आहेत आणि विजया आयुर्वेदात मान्य आहे. या दोन गोष्टींच्या आधारे पानांच्या अर्काची तेले, गोळ्या, मलमे आयुष परवान्यावर बनतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘ई-१’मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, विजया असल्याने अशा औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना बंधनकारक असते. प्रत्यक्षात मोबाइलवर अर्ज भरला, दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला की चिठ्ठी तयार, असा व्यवहारही चालतो. त्या दहा मिनिटांत रुग्ण इतर कोणती औषधे घेतो हे विचारले गेले का, यावर सारे अवलंबून.

यात बेकायदा काही नसेलही. अडचण वेगळी आहे. नव्या आधुनिक औषधाला बाजारात येण्यापूर्वी ज्या तीन टप्प्यांच्या चाचण्या द्याव्या लागतात, तशा आयुष परवान्यासाठी लागत नाहीत. परदेशातील शुद्ध सीबीडीच्या चाचणीचे निष्कर्ष येथील पूर्ण अर्काच्या बाटलीच्या जाहिरातीत वापरले जातात, पण ही दोन वेगळी द्रव्ये आहेत. ड्राव्हेच्या चाचणीतील मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला २० मिलिग्रॅम होती. म्हणजे १५ किलोच्या मुलाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम. कमी तीव्रतेच्या बाटलीतून थेंबाथेंबाने दिले जाणारे तेल त्या मात्रेच्या जवळपासही पोहोचत नाही. बाटलीवर लिहिलेले आत असते का, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी केवळ २६ उत्पादनांवरील प्रमाण अचूक होते आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. भारतीय ग्राहकाने आपली बाटली याहून चांगली असेल असे नुसत्या विश्वासावर का मानावे?

आणखी एक गल्लत. ‘हेम्प सीड ऑइल’ हे बियांचे खाद्यतेल आहे. त्यात सीबीडी जवळजवळ नसते. दुखण्यावरचे औषध म्हणून ते विकत घेणे म्हणजे महागडे जवस तेल घेण्यासारखे.

मॉर्फिनचा धडा काय सांगतो?

औषध कायद्यात असूनही रुग्णाला न मिळणे, हे भारताने एकदा पाहिले आहे. भारत वैध अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात तिची परवान्याने शेती होते. तरीही १९८५ चा कायदा आल्यावर परवान्यांचे जंजाळ आणि शिक्षेची धास्ती यांमुळे औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९८५ मध्ये देशात वर्षाला सुमारे ५७३ किलो असलेला त्याचा वैद्यकीय वापर १९९७ मध्ये १८ किलोवर आला. त्या काळात शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या एका पिढीने मॉर्फिन कधी लिहूनच दिले नाही आणि लाखो कर्करुग्ण कण्हत गेले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दशके पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ म्हणून जाहीर झाली आणि अनेक परवान्यांऐवजी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची एकच देशव्यापी पद्धत आली.

या सहांत गांजाजन्य औषध नाही. पण पद्धत तयार आहे : कोणत्या संस्थेला साठा ठेवता येईल, नोंद कोण ठेवेल, प्रशिक्षित डॉक्टर कोण, हिशेब कोणाला द्यायचा. नवा कायदा करण्याचीही गरज नाही.

इतर देशांनी काय केले?

दोन टोकाची उदाहरणे पुरेशी आहेत. ब्रिटनमध्ये २०१८ च्या उन्हाळ्यात अपस्माराच्या एका मुलासाठी त्याच्या आईने कॅनडाहून आणलेले तेल विमानतळावर जप्त झाले, मुलाला रुग्णालयात हलवावे लागले आणि देशभर संताप उसळला. त्याच वर्षी एक नोव्हेंबरपासून तज्ज्ञ डॉक्टरांना गांजाजन्य औषध लिहून देण्याची मुभा मिळाली. पण परवानाप्राप्त औषधे सोडली तर सरकारी आरोग्यसेवेतून ते फारच थोड्यांना मिळाले. बाकीच्यांनी खासगी दवाखान्यांत पदरचे पैसे मोजले. कायदा बदलला, तरी डॉक्टरांचे प्रशिक्षण आणि पुरावा यांवर काम झाले नाही की असे होते.

थायलंड दुसऱ्या टोकाला गेला. तेथे आधी वैद्यकीय वापराला परवानगी मिळाली आणि जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतूनच काढला गेला. नियम मागून येतील असे सांगितले गेले. ते आलेच नाहीत आणि हजारो दुकाने उघडली. अखेर जून २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही, असा आदेश काढावा लागला. दार सताड उघडल्यावर आधी बाजार आत शिरतो आणि रुग्ण मागे राहतो.

भारतात संशोधन आणि लागवड कुठवर?

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या जम्मूतील संस्थेत परवान्याने लागवड आणि औषधनिर्मितीसाठी संशोधन सुरू आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसी असलेल्या औद्योगिक हेम्पच्या लागवडीला वाट करून दिली. हिमाचल प्रदेशही अभ्यास समितीनंतर त्या दिशेने निघाला आहे. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये दोन एकरांवर गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली, तेव्हा ती बातमी गमतीने वाचली गेली. तिच्यामागे शेतमालाच्या भावाची व्यथा होती. मात्र शेतीचे अर्थकारण आणि रुग्णाची गरज हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेले बरे. कापड आणि दोर यांसाठीचे हेम्प पिकवून अपस्माराच्या मुलाला औषध मिळत नाही. औषधासाठी लागतो तो ठरावीक वाणाचा, कीटकनाशके व जड धातूंपासून मुक्त, प्रत्येक खेपेला तीच मात्रा देणारा अर्क.

किमतीचा मुद्दाही येथेच येतो. अमेरिकेत एपिडिओलेक्स आले तेव्हा वर्षाचा खर्च सुमारे ३२,५०० डॉलर सांगितला गेला. जेनेरिक औषधांचा जगाला पुरवठा करणाऱ्या भारताला हे रसायन परवडणाऱ्या दरात बनवता येऊ नये, असे मानण्याचे कारण नाही.

तोवर रुग्णांनी आणि डॉक्टरांनी काय पाहावे?

पहिली गोष्ट, सुरू असलेली औषधे स्वतःहून बंद करू नयेत. अपस्माराचे औषध एकाएकी थांबवल्यास झटक्यांची मालिका सुरू होऊ शकते आणि ती जिवावर बेतते. दुसरी, तेल घेत असाल किंवा घ्यायचे ठरवत असाल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. लाजेपोटी किंवा रागावतील म्हणून लपवू नये. तिसरी, बाटलीवर आयुष परवाना क्रमांक, खेप क्रमांक आणि सीबीडी व टीएचसीचे प्रत्येक मिलिलिटरमधील प्रमाण आहे का ते पाहावे आणि त्याच खेपेचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. तो देत नसतील तर घेऊ नये. चौथी, अमेरिकेतून किंवा युरोपातून येणाऱ्या नातेवाइकाला तेल आणायला सांगू नये. तिकडे दुकानात मिळणारी वस्तू इकडे गुन्हा ठरू शकते. येथून दुबई किंवा सिंगापूरला जाताना विजया तेल सामानात ठेवणे तर थेट संकट ओढवून घेणे आहे.

डॉक्टरांसाठीही काही गोष्टी स्पष्ट आहेत. ‘काही आयुर्वेदिक किंवा ऑनलाइन तेल घेता का’ हा प्रश्न अपस्मार, कर्करोग आणि वेदना यांच्या प्रत्येक रुग्णाला विचारायला हवा, तोही न रागावता. घेत असल्यास यकृताची तपासणी, व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझॅमकडे लक्ष, कमी मात्रेने सुरुवात आणि सावकाश वाढ ही सूत्रे पाळावी लागतात. घरात मनोविकाराचा इतिहास आहे का, हे विचारावे. ठरावीक मुदतीत फरक पडला नाही तर थांबवण्याचे धैर्यही हवे. झटक्यांची वही ठेवली तर हा निर्णय भावनेवर नाही, आकड्यांवर घेता येतो.

पुढे काय व्हायला हवे?

गांजाच्या प्रश्नावर आपल्याकडे दोनच आवाज ऐकू येतात. एकाला त्यात तरुणांचा नाश दिसतो, दुसऱ्याला सर्व रोगांवरचा उतारा. दोघांच्या भांडणात ज्याला शुद्ध सीबीडीची खरोखर गरज आहे ते मूल आणि ज्याला तेलाच्या नादी लागण्यापासून वाचवायचे आहे तो कर्करुग्ण, दोघेही दुर्लक्षित राहतात. नशेसाठी गांजा खुला करावा की नाही हा वाद स्वतंत्र आहे आणि तो मिटेपर्यंत रुग्णांनी थांबावे, हा न्याय नव्हे. मॉर्फिन देताना कोणी हेरॉइन खुले करा म्हणत नाही.

सरकारने करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी शुद्ध, मोजलेले सीबीडी मोठ्या सरकारी रुग्णालयांतील मज्जाविकार विभागांत मॉर्फिनच्याच धर्तीवर नोंदीसह उपलब्ध व्हावे. विजया उत्पादनांच्या प्रत्येक खेपेची स्वतंत्र तपासणी सक्तीची व्हावी आणि अहवाल बाटलीवरील क्यूआर कोडमधून कोणालाही पाहता यावा. ‘कर्करोगावर गुणकारी’ अशा जाहिराती करणाऱ्यांवर कारवाई व्हावी. त्यासाठी १९५४ चा जादुई उपाय व आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायदा आधीपासून आहे. वैद्यकीय आणि आयुर्वेदिक, दोन्ही अभ्यासक्रमांत या औषधांच्या परस्पर परिणामांचा धडा यावा. आणि जे रुग्ण ती घेत आहेत त्यांची नोंद ठेवून भारतीय रुग्णांवरील पुरावा जमवला जावा, कारण आज तो वाऱ्यावर जातो आहे.

कायद्याने ‘वैद्यकीय कारणांसाठी’ हे शब्द लिहिले त्याला चार दशके झाली. बाह्यरुग्ण विभागात एखादी आई मोबाइलमधले तेलाचे छायाचित्र दाखवून ‘हे मुलाला देऊ का?’ असे विचारते, तेव्हा तिला मात्रा, धोका आणि किंमत सांगणारे उत्तर मिळायला हवे. आज ते उत्तर डॉक्टरऐवजी जाहिरात देते.